पाळणे कमी झाले, कर्ज का नाही?



दर काही वर्षांनी आपल्या गावात एक पाहणी येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण असे तिचे नाव. केंद्राच्या आरोग्य खात्यासाठी ती मुंबईच्या देवनारमधली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था चालवते. पहिली फेरी 1992-93 साली झाली, पाचवी 2019 ते 2021 या काळात. पाहणी करणारी बाई घरातल्या बाईला विचारते : लग्न कितव्या वर्षी झाले? मुले किती झाली, किती जगली? आणखी हवे आहे का? ऑपरेशन कुणाचे झाले? घरात संडास आहे का, शेत आहे का, म्हैस आहे का?

प्रश्न चांगले आहेत. त्यातून निघालेले आकडे उपयोगाचे आहेत. पुढे मी तेच वापरणार आहे. पण एवढ्या लांबलचक यादीत एक प्रश्न नाही. लग्नाला पैसा कुठून आणला, आणि तो फेडायला कोण राबले?

हा एक प्रश्न गाळला की कोरडवाहू घरातले लग्न कळत नाही, मुलीचे लग्नाचे वय कळत नाही आणि मुलांची संख्याही कळत नाही. मग बोंडअळीवर बुरशीनाशक मारावे तसे सरकारचे चालते. फवारा होतो, खर्च होतो, अळी जागच्या जागी.

हिशोब त्यांचाच घेऊ

आपल्याला पन्नास-साठ वर्षे एकच धडा दिला गेला. शेतकरी गरीब का? मुले फार म्हणून. लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर रंगवला. 1976 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. पुढे नियम आला की 12 सप्टेंबर 2001 नंतर ज्याला तिसरे मूल झाले त्याने पंचायतीच्या निवडणुकीला उभे राहायचे नाही.

बरे, ऐकले आपण. 1992-93 च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या बाईला आयुष्यात सरासरी 2.9 मुले होत होती. 2005-06 मध्ये 2.1 झाली, 2015-16 मध्ये 1.9, आणि पाचव्या फेरीत 1.7. आईबापांच्या जागी तेवढीच माणसे उभी राहायची तर 2.1 लागतात. महाराष्ट्र त्याच्याही खाली उतरला.

आता दुसरा आकडा. 1970-71 साली महाराष्ट्रात एका वहिवाटदाराकडे सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती. 2015-16 साली ती 1.34 हेक्टर राहिली. साहेब लोक म्हणतील, वाटण्या झाल्या, मुले जास्त होती. झाल्याच वाटण्या. पण दोन भावांपैकी एकाला शेतीबाहेर पोट भरेल असे काम मिळाले असते, तर त्याने दीड एकराची वाटणी कशाला मागितली असती? जमीन तुटली ती मुलांमुळे जेवढी, तेवढीच बाहेर पडायची वाट बंद होती म्हणून.

तर प्रश्न सरळ आहे. पाळणे कमी झाले, मग कर्ज कमी का झाले नाही? शेतकऱ्याने आपल्या बाजूचा शब्द पाळला. त्याला दिलेला शब्द कुठे गेला?

कृषी महाविद्यालयात लीबिगचा नियम शिकवतात. पीक अडते ते सर्वांत कमी पडणाऱ्या अन्नद्रव्यापाशी. रानात स्फुरद नसताना युरियाची पोती ओतली तर पाने हिरवीगार दिसतात, बोंडे धरत नाहीत. कुटुंब नियोजनाने काही केले नाही असे मी म्हणत नाही. लागोपाठच्या बाळंतपणांतून बायका वाचल्या, ही मोठी गोष्ट आहे. पण घराची गरिबी हटायला कमी पडत होता तो मालाचा भाव आणि वेळेला लागणारा रोख पैसा. तो द्यायचे सोडून सरकार युरियाच ओतत राहिले.

बाहेरच्या शहाण्यांचे असे याआधीही झाले आहे. पंजाबात लुधियाना जिल्ह्यातल्या खन्ना गावाच्या परिसरात 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या लोकांनी संततिनियमनाचा मोठा प्रयोग केला. घरोघर गोळ्या वाटल्या. लोकांनी त्या घेतल्या, पण अपेक्षा होती तसा जन्मदर काही उतरला नाही. पुढे महमूद ममदानी नावाच्या अभ्यासकाने त्यांतल्या एका गावात जाऊन लोकांनाच विचारले आणि 1972 साली त्यावर पुस्तक लिहिले. लोकांचे म्हणणे असे की पाहुणे लांबून आले, चांगले वागत होते, त्यांना नाही कसे म्हणायचे. गोळ्या घेतल्या आणि ठेवून दिल्या. मजूर लावायची ऐपत नसलेल्या घरात मुलगा हा बिनपगारी गडी होता. तो न होऊ देणे म्हणजे आपल्याच हाताने औताचा बैल विकणे. अडाणी कोण होते, गोळी न खाणारा की गोळी वाटणारा?

कुटुंब केवढे असावे हे भिंतीवरचा त्रिकोण ठरवत नाही. ते शेतीचा जमाखर्च ठरवतो.

उधळपट्टीचा जुना आरोप

दुसरा आरोप आपल्या कानाला सवयीचा झाला आहे. शेतकरी पोरीच्या लग्नात पैसा उडवतो आणि मग बोंबलत बसतो.

हा आरोप दीडशे वर्षांचा आहे. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. दंगा नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. इंग्रज सरकारने चौकशीला आयोग नेमला. तेव्हाही साहेबांचे आवडते कारण लग्नकार्य हेच होते. पण त्या आयोगालाच लिहावे लागले की कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून लग्नाच्या खर्चाला वाजवीपेक्षा फार महत्त्व दिले गेले आहे.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, 2003 साली, राष्ट्रीय नमुना पाहणीने देशभरातल्या शेतकऱ्यांचे कर्ज तपासले. दर 1000 रुपये कर्जातले 111 रुपये लग्न आणि समारंभाचे निघाले. आणि शेतीचे? भांडवली खर्चाचे 306, चालू खर्चाचे 278, मिळून 584. जो धंदा चालवायलाच हजारातले 584 रुपये उसने आणावे लागतात, तो धंदा लग्नाने बुडाला म्हणणाऱ्याने आधी या 584 चा जाब द्यावा.

पाहा मात्र गंमत. एक पाहणी लग्नाचे कर्ज मोजते, तिच्या कागदात नवरीचे वय नसते. दुसरी पाहणी नवरीचे वय मोजते, तिच्या कागदात कर्ज नसते. दोन कचेऱ्या, दोन वह्या. वह्या एकमेकींसमोर उघडून कुणी ठेवत नाही, आणि खरी गोष्ट त्या दोन वह्यांच्या मधल्या फटीत पडली आहे.

म्हणून 111 रुपये थोडे आहेत, सोडून द्या, असेही मी म्हणणार नाही. रुपया सारखाच असला तरी फेड सारखी नसते. कापसासाठी काढलेले कर्ज कापसात फेडायचे असते. पीक बुडाले तर त्याचे पुनर्गठन होते. 2008 साली केंद्राने, 2017 आणि 2019 साली राज्याने त्यातले काही माफही केले. लग्नासाठी काढलेले कर्ज या कुठल्याच माफीत बसले नाही, कारण ते बँकेच्या वहीत नसतेच. ते सावकाराकडे असते, व्यापाऱ्याकडे असते, मुकादमाकडे असते. आणि ते माणसात फेडले जाते.

कर्ज माणसात फेडणे म्हणजे काय

माणसात फेडणे म्हणजे काय हे पाहायचे तर ठाणे जिल्ह्यात चला. कापूस-ज्वारीच्या बैठकीत ठाण्याचे काय काम, असे कुणी म्हणेल. तिकडे भात, नागली आणि वरई. पण आपल्याकडे जे झाकलेले असते ते तिथे उघड्यावर दिसते.

मुंबईहून कसाऱ्याला जाणाऱ्या लोकलच्या मार्गावर खर्डी आणि कसारा यांच्या मध्ये उंबरमाळी आहे. तालुका शहापूर, त्याला लागून मुरबाड. मुंबईचे पाणी याच मुलखातल्या धरणांतून जाते. इथल्या वाड्यापाड्यांवर ठाकर, महादेव कोळी, कातकरी राहतात. महाराष्ट्रातल्या तीन जमातींना केंद्राने सर्वांत असुरक्षित ठरवले आहे. त्यातली एक कातकरी. दुसरी आपल्या यवतमाळकडची कोलाम, तिसरी गडचिरोलीकडची माडिया. कातकऱ्यांतल्या बहुतेकांकडे सातबारा नाही.

या जिल्ह्याला एक शब्द चांगला माहीत आहे : लग्नगडी. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, डहाणू, तलासरी आणि उंबरगावकडे, वारली पोरगा लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचा. फेड म्हणून तो सावकाराचा गडी व्हायचा. तो एकटा नव्हे, ज्या बायकोसाठी कर्ज काढले तीही. पोटापुरते धान्य मिळायचे, हिशोब सावकाराच्या वहीत राहायचा आणि कर्ज कधी फिटायचे नाही. 1930 च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात ही पद्धत नोंदवली आहे. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तिचे वर्णन केले आहे.

जानेवारी 1945 मध्ये, उंबरमाळीच्याच रेल्वेमार्गावरच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे गेलेले वारली परत जाऊन गप्प बसले नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरीला परिषद झाली आणि वेठ द्यायची नाही असा निर्धार झाला. मग गावोगाव जाऊन लोकांनी लग्नगड्यांना सावकारांच्या वाड्यांतून सोडवून आणले. त्यासाठी कुणी भिंतीवर त्रिकोण काढला नव्हता. 1976 साली वेठबिगारी निर्मूलनाचा केंद्राचा कायदा झाला. त्याने अशी सगळी कर्जे रद्दबातल ठरवली. आज उंबरगाव गुजरातेत आहे, डहाणू-तलासरी 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहेत.

शब्द गेला. पद्धत गेली का?

शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाडीवर पावसाळा सरत आला की वीटभट्टीची उचल पोहोचते. घरात खायला नाही, पोराचे लग्न काढले आहे. कपडा, तांदूळ, मांडव, जेवण यांना रोख लागते. बँक या माणसाला ओळखत नाही. भट्टीमालक ओळखतो. लग्न त्याच्या पैशाने लागते आणि दिवाळीनंतर नवी जोडी भिवंडी, कल्याण, वसईच्या बाजूला भट्टीवर जाते. मजुरी हजार विटांवर. दोघे चिखल करतात, थापतात, वाहतात. पोरे असली तर तीही विटा उलटतात. आठवड्याला खर्ची मिळते. पाऊस तोंडावर आला की हिशोब होतो, आणि पुष्कळदा उचल अंगावर राहते. ती पुढच्या हंगामात वळती होते.

एकट्या पोराला उचल थोडी मिळते, जोडीला जास्त मिळते. हे एक वाक्य लक्षात ठेवा. वाडीवर लग्ने लवकर का होतात याचे निम्मे उत्तर त्यात आहे. पाहणीच्या कागदावर मात्र उरते एवढेच : लग्न सोळाव्या वर्षी, शाळा चौथीपर्यंत, मुले तीन. आणि साहेब कारणाच्या रकान्यात लिहितो, अज्ञान. अज्ञान खरेच आहे, पण कुणाचे?

कोयता म्हणजे दोन माणसे

आता आपल्या मुलखात या. बीड, परभणी, जालन्याच्या कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळीला ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे उसाला जातात. मुकादम उचल कशावर देतो? कोयत्यावर. आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा पोरगा हा अर्धा कोयता. त्याला पूर्ण उचल हवी असेल तर त्याने बायको आणावी. इकडे मुलीचे आईबाप सहा महिने फडावर जाणार. वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? शाळा आहे पण वसतिगृह नाही. असले तर जागा नाही. मग तेराव्या-चौदाव्या वर्षापासून स्थळे पाहणे सुरू होते.

आता पाचव्या फेरीचे आकडे पाहा. 20 ते 24 वर्षे वयाच्या बायकांपैकी अठरा पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्या महाराष्ट्रात शेकडा 22 च्या आसपास. परभणीत 48. बीडमध्ये 44 च्या जवळ. राज्याच्या दुप्पट! परभणी-बीडची माणसे काय दुप्पट अडाणी आहेत? 1929 साली शारदा कायदा झाला, 1978 साली मुलीचे वय 18 झाले, 2006 साली नवा कायदा आला. तीन कायद्यांनी जे झाले नाही ते चौथ्यानेही होणार नाही, जोवर उचल जोडीवर मिळते आणि ज्वारी-कापसात घर भागत नाही.

याचा शेवट कुठे होतो तेही सरकारी कागदावर आहे. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या जातात अशी ओरड झाल्यावर 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 बायकांची पाहणी झाली, त्यांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. लहान वयात लग्न, लवकर बाळंतपणे, फडावर ना आडोसा ना दवाखाना, आणि काम चुकले तर खाडा म्हणून पैशाची कापणी. उचल पोरीच्या वयापासून सुरू होते आणि पिशवीवर येऊन थांबते. कुटुंबाच्या कुठल्या अभ्यासात ही साखळी सलग लिहिली आहे?

आपल्या मांडवातला हिशोब

तुम्ही म्हणाल, आम्ही ना भट्टीवर जातो ना उसाला. आम्ही कास्तकार आहोत, आमच्या नावावर पाच एकर आहे.

मग हिशोब मांडू. समजा पाच एकर कोरडवाहू कपाशी. एकरी चार क्विंटल धरा, म्हणजे वीस क्विंटल. व्यापाऱ्याने 7,000 दिला तर 1,40,000 रुपये. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी यांना एक लाख गेला असे धरा. हातात 40,000. त्याच साली मुलीचे लग्न निघाले आणि हात राखूनही तीन लाख लागले. सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्याने घेतले तर वर्षाचे व्याजच 1,08,000. शेत देते 40,000, व्याज मागते 1,08,000. मुद्दल फिटायची गोष्ट सोडा, या लग्नाचे व्याजही शेतीतून निघत नाही. लग्न पहावे करून म्हणतात ते खरे; पण जुन्या माणसांनी या म्हणीत व्याज धरले नव्हते.

शिवाय दिवस पाहा. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई उघडते. नेमका त्याच वेळी कापूस घरात येतो आणि भाव पडलेला असतो. ज्याच्या घरी तिथी ठरली आहे त्याला थांबता येत नाही. 2025-26 च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव 8,110 होता. खरेदी केंद्रावर नोंदणी, ओलावा, रांग. तिथी काय रांगेसाठी थांबते? तो कापूस 7,000 ला टाकतो. क्विंटलला 1,110 रुपयांचा फरक, वीस क्विंटलला 22,200. हा मांडवाचा खर्च कुठल्याच यादीत लिहिलेला नसतो, पण तो मुलीच्या बापानेच भरलेला असतो. याच हंगामाच्या तोंडावर, ऑगस्ट 2025 मध्ये, केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून दिल्लीत सही झाली. त्या सहीने विदर्भ-मराठवाड्यातल्या किती मुलींची लग्ने कर्जात ढकलली, हे कोण मोजणार?

आणि मुलीचे वय इथेही बसते. धाकटी नवरी स्वस्त पडते. शिकलेली, वीस-बावीस वर्षांची झाली की तिच्यापेक्षा जास्त शिकलेला मुलगा हवा आणि त्याचा हुंडा जास्त. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा आहे, दर मात्र दरवर्षी नवा असतो. बाप हिशोब करतो आणि सतराव्या वर्षी उरकतो. त्याला कायदा माहीत नाही असे नाही. त्याला दर माहीत आहे.

शेतकरी नवरा का नको

21 डिसेंबर 2022 ला सोलापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीवर बिनलग्नाच्या तरुणांनी मोर्चा काढला. मुंडावळ्या बांधल्या, घोड्यांवर बसले, नवरी द्या म्हणाले. वर्तमानपत्रांना हसायला विषय मिळाला. मला हसू आले नाही.

या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला भाग सरकारकडे बोट दाखवतो. मुलगी शेतकरी नवरा नको म्हणते तेव्हा ती शेतीचा भावच सांगत असते. तिने आईला पाहिले आहे. पहाटेपासून रान, संध्याकाळी चूल, नावावर काही नाही आणि घरावर कर्ज. बारा हजारांची कायम नोकरी असलेला शिपाई तिला पाच एकराच्या मालकापेक्षा बरा वाटतो, कारण त्याचा पगार पावसावर आणि आयात शुल्कावर अवलंबून नाही. तिला नावे ठेवू नका. शेतमालाच्या भावावरचा एवढा नेमका निकाल कुठल्या आयोगाने दिलेला नाही.

दुसरा भाग आपल्याकडे बोट दाखवतो, आणि तेही ऐकावे लागेल. सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात 1991 साली 946 मुली होत्या, 2001 साली 913, 2011 साली 894. बीडमध्ये 2011 साली 807. गर्भलिंग चाचणीवर कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, 1988 सालचे. केंद्राचा कायदा 1994 चा. तरी मुली कमी होत गेल्या. सोनोग्राफीच्या दारात सरकारने आपल्याला ओढत नेले नव्हते. हुंड्याच्या भीतीने मुलगी नको म्हटले, वंशाला मुलगा हवा म्हटले, आणि त्याच मुलाला घोड्यावर बसून कचेरीत नवरी मागायची पाळी आली. हजाराला 807 च्या पिढीची लग्ने आता पुढ्यात आली आहेत. पेरलेच नाही ते उगवणार कुठून?

आणि कुटुंब नियोजनाचे ओझे कुणी उचलले तेही पाहा. साठ-सत्तरच्या दशकांत नसबंदीच्या शिबिरांत पुरुष जात होते. आणीबाणीत जबरदस्ती झाली, पुरुष बिथरला, आणि 1977 नंतर सगळी मोहीम बायकांकडे वळली. पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी अर्ध्यांच्या आसपास जणींचे ऑपरेशन झालेले होते. पुरुषांची नसबंदी शंभरात एकही भरत नाही, जरी ती सोपी आणि कमी धोक्याची आहे. पाळणा कमी करण्याचा जो शब्द आपण पाळला म्हणतो, तो आपल्या बायकांनी पाळला आहे.

जिल्हा बैठकीपुढे

नुसते बोलून घरी जायचे नसेल तर बैठकीने पुढील गोष्टींवर चर्चा करून ठराव करावेत.

एक. देवनारच्या संस्थेला आणि आरोग्य खात्याला लेखी कळवावे की पुढच्या पाहणीत तीन प्रश्न घाला : लग्नाला कर्ज किती, कुणाकडून, आणि फेड कशात : पैशात, मालात की अंगमेहनतीत. उत्तरे आली की लग्नाचे वय आणि उचल एका पानावर येतील. मग अज्ञान हे कारण लिहिणे जड जाईल.

दोन. लग्नाच्या उचलीवर जोडी बांधून घेणे हा 1976 च्या कायद्याने गुन्हा ठरू शकतो. आपल्या तालुक्यात अशी बांधलेली जोडी आढळली, तर ती कातकऱ्याची असो, कोलामाची असो की आपल्याच भावकीतली, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. आणि आपल्यापैकी जे कुणी मुकादमी करतात त्यांना बैठकीत उभे करून विचारायचे.

तीन. लग्नाच्या तिथीसाठी कापूस पडत्या भावात विकायचा नाही. त्यासाठी गावाने मिळून लग्ने लावावीत, खर्चाला गावाची मर्यादा असावी, आणि नड असलेल्या घराला बचत गटाने कापूस विकेपर्यंत रक्कम द्यावी. ज्याच्या घरी ऐपत आहे त्याने आधी मर्यादा पाळायची; गरीब त्याच्याकडे पाहून मांडव घालतो.

चार. अठराच्या आतली मुलगी बोहल्यावर चढली तर त्या मांडवात आपला कार्यकर्ता जेवणार नाही. सोनोग्राफीत मुलगी पाहून पाडणाऱ्याला संघटनेच्या कुठल्याही पदावर जागा नाही.

पाच. चांदवडला 1986 साली शेतकरी बायकांचे अधिवेशन झाले. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला आणि कित्येक गावांत बायकोच्या नावे जमीन झाली. ते काम थांबले आहे, ते पुन्हा धरायचे. मुलीचा वडिलोपार्जित हक्क महाराष्ट्राच्या कायद्यात 1994 पासून आहे. ज्या सातबाऱ्यावर बायकोचे आणि मुलीचे नाव असेल त्या घरची मुलगी ओझे राहणार नाही, आणि त्या घरात सून म्हणून यायला कुणाची मुलगी कचरणार नाही.

सहा. या पाचांनी घर सावरेल, शेती सावरणार नाही. तिला भाव लागतो. आयात शुल्काची सही करताना दिल्लीने गिरणीचा हिशोब मांडला. त्याच टेबलावर पाच एकरवाल्याच्या मुलीच्या लग्नाचा हिशोब ठेवणे हे आपले काम आहे.

1945 साली वारल्यांनी लग्नगडी सोडवले तेव्हा त्यांच्या बाजूने कायदा नव्हता, पाहणी नव्हती, आकडा नव्हता. आपल्याकडे तिन्ही आहेत. पाळणे मोजून झाले. आता कर्ज मोजायला लावू.